फुटण्याचा इतिहास : लाही, बॉयलर आणि मायक्रोवेव्हमधले अंडे

१/
पाण्यात उकळत ठेवलेले अंडे फार तर तडकते. तेच अंडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, तर मोठा आवाज होऊन त्याच्या चिंधड्या उडतात. बटाटा, टोमॅटो आणि सालीसकट ठेवलेले वांगे यांचीही हीच गत होते. असे का व्हावे? उत्तर भौतिकशास्त्राचे आहे. पण माणूस त्या उत्तरापर्यंत ज्या वाटेने पोहोचला, त्या वाटेवर बांबूची बेटे, लग्नातला होम, सतराव्या शतकातले एक भांडे, कोसळलेला बुटांचा कारखाना आणि दुसऱ्या महायुद्धातले रडार लागते. आजचा धागा त्या वाटेचा.

२/
मूळ तत्त्व आधी समजून घेऊ. पाण्याची वाफ झाली की तिला पूर्वीच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा लागते. एक ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेम वीस थेंब. त्याची १०० अंशांवरील वाफ दीड लिटरहून अधिक जागा व्यापते. ही जागा मिळाली नाही, तर वाफ भिंतीवर दाब देऊ लागते. १२० अंशांवर हा दाब वातावरणाच्या दुप्पट होतो, १८० अंशांवर सुमारे दहापट. भिंत टिकली तर दाब वाढत जातो. भिंत हरली तर स्फोट होतो.

३/
या तत्त्वाशी माणसाची ओळख फार जुनी आहे. बांबूच्या दोन पेरांमधली पोकळी हवाबंद असते. हिरवा बांबू आगीत पडला की आतली हवा आणि वाफ कोंडते व पेर मोठ्या आवाजाने फुटते. चीनमध्ये नववर्षाच्या दिवशी दुष्ट शक्तींना पळवून लावण्यासाठी असे बांबू जाळत असत. सहाव्या शतकातील चिनी लेखनात या प्रथेची नोंद आहे. पुढे बंदुकीच्या दारूचे फटाके आले, तरी त्यांना चिनी भाषेत रूढ झालेल्या एका नावाचा शब्दशः अर्थ ‘फुटणारा बांबू’ असाच राहिला. श्वापदांना दूर ठेवण्यासाठी वाटसरू आगीत हिरवे वेळू टाकतात, असे वर्णन मार्को पोलोच्या प्रवासवृत्तातही आढळते.

४/
बांबूचा स्फोट केवळ आवाजासाठी होता. धान्याचा स्फोट मात्र माणसाने खाण्यासाठी वापरला. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील पारेदोनेस आणि वाका प्रिएता या स्थळांवर मक्याच्या कणसांचे जे अवशेष मिळाले, ते सुमारे ६,७०० वर्षांपर्यंत मागे जातात आणि तेथील लोक मका लाहीच्या रूपानेही खात असावेत, असे संशोधकांनी २०१२ साली मांडले. हे लोक तेव्हा मातीची भांडीही घडवत नव्हते. म्हणजे भांडे येण्याआधी लाही आली.

५/
आपल्याकडे मका फार उशिरा, अमेरिकेशी संबंध आल्यानंतर पोहोचला. पण लाही त्याच्या कितीतरी आधीपासून होती. संस्कृतातील ‘लाजा’ म्हणजे लाह्या. आश्वलायन गृह्यसूत्रातील विवाहविधीत वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या अग्नीला अर्पण होतात. हा लाजाहोम आजही महाराष्ट्रातील लग्नांत होतो. नागपंचमीला लाह्या आणि लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या व बत्तासे आपल्या परिचयाचे आहेतच.

६/
भाषेनेही या प्रक्रियेची नोंद ठेवली आहे. ‘फुटणे’, ‘फोडणे’ आणि ‘स्फोट’ हे शब्द संस्कृतातील ‘स्फुट्’ या एकाच धातूपर्यंत जातात. भाजलेल्या हरभऱ्याचा ‘फुटाणा’ त्याच घरातला, आणि तेलात मोहरी तडतडवून केलेली ‘फोडणी’ही ‘फोडणे’ या क्रियापदाशीच नाते सांगते. मोहरीच्या इवल्याशा दाण्यातही पाण्याचा अंश असतो. कडकडीत तेलात त्याची वाफ होते, साल फुटते आणि दाणा उडतो. मराठी स्वयंपाकघरात रोज सकाळी असे शेकडो सूक्ष्म स्फोट होतात.

७/
लाही फुटण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : आत पुरेसे पाणी, बाहेर अभंग टरफल आणि झपाट्याने चढणारी उष्णता. मक्याच्या दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा असला की लाही उत्तम फुलते. दाणा १८० अंशांच्या आसपास पोहोचला की आतला दाब वातावरणाच्या सुमारे दहापट होतो, टरफल हार मानते, मऊ झालेला पिष्टाचा गर बाहेर फुलतो आणि थंड होताच तसाच थिजतो. ज्या दाण्याला आधीच चीर गेलेली असते, त्याची वाफ हळूच निसटते. तो गणंग राहतो.

८/
आपल्या आजी-पणजींना वातावरणीय दाबाचे आकडे ठाऊक नव्हते, पण या तीनही अटी ठाऊक होत्या. ज्वारीच्या लाह्या करण्यापूर्वी दाणे गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून, निथळून, फडक्यात बांधून ठेवायचे, म्हणजे ओलावा आतपर्यंत मुरतो. मग कढई चांगली तापू द्यायची आणि मूठमूठ दाणेच टाकायचे, म्हणजे कढईचा ताव उतरत नाही. भडभुंजा तापलेली वाळू वापरतो, कारण वाळू प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी एकदम उष्णता देते.

९/
आणि जिथे फुटणे नको असते, तिथले ज्ञानही तितकेच जुने. भरताचे वांगे विस्तवावर ठेवण्यापूर्वी त्याला सुरीचे टोचे मारतात. युरोपात चेस्टनट भाजण्याआधी त्याच्या कवचावर फुलीसारखा छेद देतात. दोन्हीकडे हेतू एकच : वाफेला आपण वाट करून द्यावी, म्हणजे ती स्वतः वाट काढणार नाही.

१०/
हाच विचार यंत्रात उतरवला तो देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने. पॅरिसमध्ये ह्युगेन्स आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्याबरोबर काम केलेल्या पापँने १६७९ साली घट्ट झाकणाचे एक भक्कम भांडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यात वाफ कोंडून पाणी १०० अंशांच्या वर तापवता येई आणि कठीण हाडेही मऊ होत. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यांनी या भांड्यात शिजवलेले जेवण घेतले; जॉन एव्हलिन या सदस्याने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद ठेवली आहे.

११/
या भांड्याचा महत्त्वाचा भाग म्हणजे झाकणावरील छोटे भोक आणि त्यावर दांडी व वजनाने दाबून धरलेली झडप. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाफ झडप उचलून बाहेर पडे आणि भांडे वाचे. आपल्या कुकरची शिट्टी याच सुरक्षा-झडपेच्या वंशातली आहे. पापँ स्वतः मात्र पुढे विपन्नावस्थेत गेला. त्याचे शेवटचे ज्ञात पत्र १७१२ चे आहे. त्यानंतर तो लंडनमध्ये निनावीपणे केव्हातरी निवर्तला.

१२/
झडपेचा धडा उद्योगजगताने सहज स्वीकारला नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेची बंद भांडी, म्हणजे बॉयलर, गिरण्यांत, आगगाड्यांत आणि बोटींत पोहोचली आणि फुटू लागली. २७ एप्रिल १८६५ रोजी मिसिसिपी नदीत मेम्फिसजवळ ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटले. अमेरिकन यादवी युद्धातून सुटून घरी परतणारे सैनिक तीत खच्चून भरलेले होते. हजाराहून अधिक माणसे मरण पावली.

१३/
हिंदुस्थानातही तेच झाले. १८६३ साली कलकत्त्यात झालेल्या मोठ्या बॉयलर-स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालने बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला आणि पुढे १९२३ साली देशभरासाठी भारतीय बॉयलर कायदा आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटून इमारत कोसळली आणि ५८ जण दगावले. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने कडक नियम केले. बॉयलरवरील प्रत्येक नियमामागे अशा एखाद्या दुर्घटनेची तारीख असते.

१४/
याच सुमारास दुसरीकडे धान्याचा स्फोट प्रयोगशाळेत पोहोचला होता. अलेक्झांडर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये पिष्टाने भरलेल्या काचेच्या बंद नळ्या तापवल्या आणि मग फोडल्या. दाब एकाएकी नाहीसा होताच आतल्या ओलाव्याची वाफ झाली आणि पिष्ट फुलले. टरफल नसलेल्या धान्याला त्याने नळीचे टरफल दिले होते. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात तोफेसारख्या नळ्यांतून फुललेला तांदूळ उडवून दाखवण्यात आला. डब्यातून मिळणाऱ्या फुललेल्या धान्याच्या न्याहारीचा उगम हाच.

१५/
आता रडारकडे वळू. २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन प्रथम चालवला. तळहातावर मावेल एवढ्या तांब्याच्या ठोकळ्यातून सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या शक्तिशाली लहरी निघत होत्या. त्यामुळे विमानात बसेल इतके लहान रडार शक्य झाले. जर्मन हल्ल्याच्या छायेतील ब्रिटनकडे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचे बळ नव्हते. त्याच वर्षी हेन्री टिझर्ड यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने हे गुपित अमेरिकेच्या स्वाधीन केले.

१६/
मॅग्नेट्रॉन बनवण्याचे काम ज्यांच्याकडे गेले, त्यांत मॅसॅच्युसेट्समधील रेथिऑन ही कंपनी होती. तेथील पर्सी स्पेन्सर हा अभियंता १८९४ साली मेन राज्यातील एका खेड्यात जन्मला. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत कामाला लागला; वीज आणि बिनतारी यंत्रणेचे ज्ञान त्याने बरेचसे स्वतःच मिळवले. तांब्याचा ठोकळा कोरण्याऐवजी पातळ चकत्या एकावर एक रचून जोडण्याची त्याची युक्ती उत्पादन अनेक पटींनी वाढवणारी ठरली.

१७/
पुढची कथा अनेकांनी ऐकलेली असते : मॅग्नेट्रॉनजवळ उभ्या असलेल्या स्पेन्सरच्या खिशातला चॉकलेटचा बार वितळला. मग त्याने मक्याचे दाणे मागवले, ते फुटून लाह्या झाल्या. मग अंडे ठेवले. ते डोकावून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. कोणी खिशात चॉकलेट असल्याचे सांगते, कोणी शेंगदाण्याची वडी. गोष्ट जितकी गोळीबंद, तितकी ती पुन्हा पुन्हा सांगून घासलेली असण्याचा संभव अधिक.

१८/
कागदावर जे आहे ते असे : अन्नावर या लहरींची प्रक्रिया करण्याच्या पद्धतीसाठी स्पेन्सरने ८ ऑक्टोबर १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपल्यानंतर पाच-सहा आठवड्यांत, पेटंटचा अर्ज केला. ते २४ जानेवारी १९५० रोजी मंजूर झाले. १९४९ साली त्याला आणखी एक पेटंट मिळाले होते : मक्याचे अख्खे कणीस पिशवीत ठेवून लहरींनी त्याच्या लाह्या फोडण्याचे. आख्यायिकेतील चॉकलेट बाजूला ठेवले, तरी लाही या यंत्राच्या जन्मापासून सोबत होती, हे कागदोपत्री दिसते.

१९/
१९४७ चा पहिला ‘रडाररेंज’ जवळजवळ माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. तो उपाहारगृहांसारख्या मोठ्या स्वयंपाकघरांसाठी होता. १९५५ साली टॅपन कंपनीचा घरगुती नमुना आला, पण किंमत १,२९५ डॉलर. १९६७ साली अमाना कंपनीने ओट्यावर मावणारा ४९५ डॉलरचा नमुना बाजारात आणला आणि मग हे यंत्र घराघरांत शिरले. त्याबरोबर एक जुना धोका नव्या रूपात घरात आला.

२०/
धोका नव्या रूपात का? चुलीवर किंवा तव्यावर उष्णता बाहेरून आत जाते. आधी साल तापते, कोरडी पडते, तडकते. बऱ्याचदा आत जोरदार वाफ होण्यापूर्वीच बाहेर फटी पडलेल्या असतात. शिवाय उकळत्या पाण्यातले अंडे भोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक तापूच शकत नाही. साध्या पातेल्यातले पाणी १०० अंशांपाशी थांबते, म्हणून अंडेही तिथेच थांबते. पातेले हाच त्या अंड्याचा राखणदार असतो.

२१/
मायक्रोवेव्हमध्ये हा राखणदार नसतो. लहरी पृष्ठभागातून काही सेंटिमीटर आत शिरतात आणि तेथील पाण्याला थेट तापवतात. त्या गाभ्यापासून बाहेर तापवत येतात, हा समज चुकीचा आहे. जाड पदार्थाचा मध्य थंडच राहतो. पण अंड्याएवढ्या गोल वस्तूत लहरी सर्व बाजूंनी शिरून मध्याकडे एकवटू शकतात. भोवतालची हवा मात्र गार असते, त्यामुळे साल ओलसर आणि अभंग राहते. लाहीच्या तीनही अटी येथे पूर्ण होतात : पाणी, बंद भिंत आणि झपाट्याने वाढणारी उष्णता. फक्त लाही आपल्याला हवी असते, हा स्फोट नको असतो.

२२/
म्हणजे टरफल काढले की झाले? तेवढ्याने भागत नाही. जिनिव्हाच्या ज्याँ-आंद्रे देल्युक याने अठराव्या शतकातच दाखवले होते की, विरघळलेली हवा काढून टाकलेले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्याने ते सुमारे ११२ अंशांपर्यंत नेले. एकोणिसाव्या शतकात द्युफूर याने तेलकट द्रवात तरंगणारे पाण्याचे थेंब १७० अंशांच्याही पुढे नेले. उकळी फुटण्यासाठी बुडबुड्याला कुठेतरी सुरुवात लागते : भांड्याचा ओरखडा, हवेचा कण, धुळीचा कण. ती मिळाली नाही, तर पाणी अतितप्त होऊन स्तब्ध राहते.

२३/
आणि मग कुणीतरी त्याला धक्का देते. गुळगुळीत कपात मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले पाणी शांत दिसते; त्यात चमचा किंवा कॉफीची पूड पडताच ते एकदम उसळून हातावर, चेहऱ्यावर येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकारच्या भाजण्याबाबत लोकांना सावध केलेले आहे. देल्युकचा प्रयोगशाळेतला कुतूहलाचा विषय दोन शतकांनी स्वयंपाकघरातल्या इजेचे कारण झाला.

२४/
अंड्याचे रहस्यही येथेच आहे. उपाहारगृहात पुन्हा गरम केलेले उकडलेले अंडे तोंडात फुटल्याने भाजलो आणि ऐकूही कमी येऊ लागले, असा दावा एका ग्राहकाने केला. त्या खटल्याच्या निमित्ताने अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लोन या ध्वनितज्ज्ञांनी सुमारे शंभर अंड्यांवर प्रयोग केले आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अंड्यांचा पिवळा बलक भोवतालच्या पाण्याहून अधिक तापलेला आढळला. काही अंडी आतच फुटली. काही मात्र बाहेर काढून टोकदार तापमापी खुपसताच फुटली. एका फुटावर आवाज ८६ ते १३३ डेसिबलपर्यंत भरला. कान कायमचा दुखावेल एवढ्या आवाजाचा संभव फारच कमी, असेही त्यांनी नमूद केले. भाजण्याचा धोका मात्र उरतोच.

२५/
त्यांचा तर्क असा : शिजून घट्ट झालेल्या बलकात पाण्याचे असंख्य सूक्ष्म कप्पे अडकलेले असतात आणि ते अतितप्त होतात. चाकू, काटा किंवा दात लागताच एक कप्पा फुटतो आणि पाठोपाठ बाकीचे. हिशेब करून पाहा. एका बलकात आठ-नऊ ग्रॅम पाणी असते. ते १२० अंशांवर असेल, तर दाब सुटताच त्यातील सुमारे चार टक्के पाण्याची क्षणात वाफ होईल. त्या वाफेचे आकारमान अर्ध्या लिटरच्या आसपास भरते. एवढे सगळे सुपारीपेक्षा जराशा मोठ्या गोळ्यातून, आणि ते चेहऱ्याजवळ.

२६/
या साऱ्या इतिहासातून काही साधे नियम हाती लागतात. बटाटा, वांगे, टोमॅटो यांना टोचे मारावेत. भरताच्या वांग्याचा हा नियम येथेही लागू आहे. डब्याचे झाकण सैल ठेवावे. ती पापँची झडप. पाणी तापवताना त्यात आधीच लाकडी काडी किंवा चमचा ठेवावा; तो देल्युकच्या पाण्याला न मिळालेला बुडबुड्याचा आधार. उकडलेले अख्खे अंडे, सोललेले असले तरीही, मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. तापवायचेच तर त्याचे तुकडे करावेत. आणि यंत्र थांबल्यावर लगेच तोंड जवळ नेऊ नये.

२७/
फरक एवढाच आहे की बॉयलर सार्वजनिक होता. तो फुटला की चौकशी झाली, कायदा झाला, तपासनीस नेमले गेले. घरातल्या यंत्रासोबत माहितीपत्रक येते, आणि ते बहुतेक वेळा खोक्यातच राहते. वांग्याला टोचे का मारायचे, हे एका पिढीने दुसरीला हातात सुरी देऊन शिकवले. मायक्रोवेव्ह हाताळणाऱ्या घरातल्या लहानग्याला हे सांगण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे.

२८/
धागा येथे संपतो. एक विनंती : लाह्या फोडण्यापूर्वी ज्वारी किंवा साळ किती वेळ भिजवायची, कशात बांधून ठेवायची, वाळू कोणती घ्यायची, याच्या पद्धती गावागणिक बदलतात. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या भागाची रीत गावाच्या नावासह खाली लिहा. हे ज्ञान ग्रंथांत फार थोडे उतरले आहे. ज्यांच्या हातात ते आहे, त्यांना विचारण्याची वेळ हीच आहे.